मिस व्हर्लीनचं रविवारचं ताट

चोवीस वर्षं मी भुकेल्या, धडधाकट मुलांना काय घेऊ नये ते सांगत आलो. हाच माझा पेशा. कॉलेजच्या स्टेडियमच्या तळघरात, घामट जर्सी धुणाऱ्या मशीनच्या भिंतीला लागून, आमची नियमपालनाची कचेरी होती. एक टेबल, एक फॅक्स, मी, आणि चारशे पानांचं नियमांचं पुस्तक. कॉलेजचे खेळाडू हौशी, म्हणून त्यांनी बाहेरच्या कुणाकडून फुकट काही घ्यायचं नाही, हे त्याचं सार. फुटबॉलच्या खेळाडूनं कुणाच्या गाडीत बसावं, वाढदिवसाचा केक कुणाकडून घ्यावा, सगळं त्यात लिहिलेलं. मुलाला नुसता पाव दिला तर चालायचं. पावाला चीज फासलं की ते जेवण ठरायचं आणि गुन्हा व्हायचा. हसू नका. मी ते लोकांना तोंड सरळ ठेवून समजावून सांगितलेलं आहे.

गेल्या वर्षी मी निवृत्त झालो. आता नियम बदललेत; तशीच मुलं जाहिरातींचे करार करतात, मोटारवाल्याच्या फलकावर हसत उभी असतात आणि नव्या गाडीची किल्ली सगळ्या गावासमोर घेतात. माझ्या जागी आलेली मुलगी त्यांना सही कुठं करायची ते बोटानं दाखवते. चांगलंच झालं, माझी काही तक्रार नाही. फक्त मी फार दमलोय. आणि मिस व्हर्लीनची आठवण आली की ही दमणूक हाडात उतरते.

मिस व्हर्लीन टिस्डेल जाऊन सहा वर्षं झाली. आमच्या पाइन लँडिंगच्या साप्ताहिकात त्यांच्यावर पाच ओळी आल्या होत्या. कॉलेजच्या जेवणघरात अठ्ठावीस वर्षं स्वयंपाक केला, न्यू गिलियड बॅप्टिस्ट चर्चच्या जुन्या सेविका होत्या, मागे एक मुलगी आहे, वगैरे. मिसिसिपीत एका बाईचं आयुष्य एवढ्यात बसवतात. त्या उंच होत्या, हाडापेरानं मजबूत, आणि आवाज असा की जेवणघराच्या दुसऱ्या टोकाला कुणी मिठाला हात घातला असेल तर तो आपोआप थांबायचा. आमच्याकडे लग्न झालेल्या बाईलाही आदरानं मिस म्हणतात; त्यांचा नवरा कागदाच्या गिरणीत होता. गिरणी बंद पडली आणि पाठोपाठ दोन वर्षांत तोही गेला. मुलगी मेम्फिसला नर्स. म्हणजे डेपो स्ट्रीटवरच्या त्या घरात त्या एकट्याच. पण जेवणाचं टेबल आठ माणसांचं, आणि रविवारी त्याची एकही खुर्ची रिकामी राहू द्यायची नाही, हा त्यांचा हट्ट.

रविवारी सकाळी पांढरा झगा, पांढरे हातमोजे घालून त्या चर्चमध्ये लोकांना जागा दाखवायच्या. दुपारी घरी. जो येईल तो जेवणार. आणि जेवून निघताना प्रत्येकाच्या हातात एक ताट. जाड कागदी ताटं दोन, एकात एक घातलेली, म्हणजे रस्सा गळायला नको. वर फॉइल, आणि तिच्या कडा त्या अंगठ्यानं फिरत फिरत अशा दाबायच्या की बसमध्ये आडवं झालं तरी सांडणार नाही. नको म्हणायची सोय नव्हती. माझ्या धाकट्या भावानं एकदा "पोट भरलंय मॅम" म्हटलं, तर म्हणाल्या, "पोट आत्ता भरलंय. रात्री ते रिकामं होणार नाहीये का? की तुझं पोट इतरांपेक्षा वेगळं आहे?" मीही दर रविवारी ते ताट घेऊन घरी गेलो आहे. हे आधीच कबूल करून टाकतो.

निवृत्त झाल्यावर मिस व्हर्लीननी आयुष्यात एकच चैन केली. फुटबॉलच्या हंगामाचं तिकीट काढलं. अठ्ठावीस वर्षं ज्यांना वाढलं त्यांना खेळताना कधी बघितलंच नव्हतं, शनिवारी त्या चुलीपाशी असायच्या. आमच्या कॉलेजात बऱ्या जागेचं तिकीट हवं तर वर शंभर डॉलरची देणगी द्यावी लागायची. त्यांनी दिली. आणि ज्या दिवशी ती पावती फाडली त्या दिवशी, पुस्तकातल्या नियमानुसार, त्या कॉलेजच्या हितचिंतक झाल्या. एकदा हितचिंतक झालं की मरेपर्यंत. त्यांनी खेळाडूंना खाऊ घालणं ही अठ्ठावीस वर्षं नोकरी होती. आता त्यावरच संशय येऊ लागला.

हितचिंतकानं खेळाडूला अधूनमधून घरी जेवायला बोलावलं तर चालायचं. मात्र जेवण त्या घरात बसूनच व्हायला हवं. ताट उंबऱ्याबाहेर गेलं की तो बेकायदा फायदा. मी हे त्यांना कधी समोर बसून सांगितलं नाही. दर ऑगस्टला सगळ्या देणगीदारांना पत्रक पाठवायचो, तसं त्यांनाही पाठवलं. स्वतःच्या काखेत त्यांचं ताट असताना तोंडी सांगायचं तरी कसं?

टवारिस गॅडी त्यांच्याकडे पहिल्यांदा आला तो कॉलेजच्या दुसऱ्या वर्षाला असताना. एकशे चाळीस किलोचा मुलगा. चेंडू फेकणाऱ्याला वाचवायला पुढे जी माणसांची भिंत उभी राहते, तिच्यात डावीकडे तो उभा असायचा. या जागेवरच्या मुलाचं नाव लोकांना फक्त तो चुकला तरच कळतं, आणि टवारिसचं नाव फारसं कुणाला माहीत नव्हतं. आई बेल्झोनीला मासे साफ करायच्या कारखान्यात. घरून पैसा येण्याचा प्रश्नच नव्हता. कॉलेज त्याला शिकवत होतं, राहायला देत होतं, जेवायलाही देत होतं. पण रविवारी दुपारी दोनला जेवणघर बंद व्हायचं ते सोमवारी सकाळी उघडायचं. एवढं शरीर घेऊन तो त्या सतरा तासांत काय खायचा, हे आम्ही कुणी विचारलं नव्हतं. कोचला वर्षाला वीस लाख डॉलर मिळत होते, त्यांनीही नाही. विचारलं ते मिस व्हर्लीननी, चर्चच्या पायरीवर. त्यानं "काही नाही मॅम, झोपतो," असं सांगितल्यावर त्या त्याला दंडाला धरून घरी घेऊन गेल्या.

त्याच्या शेवटच्या वर्षाच्या तोंडावर, जुलैअखेर, कुणीतरी त्याचा फोटो काढला. डेपो स्ट्रीटवरून टवारिस चाललाय, दोन्ही हातांत एकावर एक फॉइलची ताटं, चेहऱ्यावर वेड्यासारखं हसू. आमच्या शेजारच्या कॉलेजचे भक्त इंटरनेटवर दिवसभर आमच्याच मागे असतात; त्यांतल्या एकानं तो फोटो टाकला आणि खाली लिहिलं, बघा, पाइन लँडिंगमध्ये खेळाडूंचा पगार अजून गरम असतो. मग तोच फोटो तक्रारीसह कॉलेजांच्या खेळांचे नियम चालवणाऱ्या वरच्या संघटनेकडे गेला.

संघटनेची माणसं त्या उन्हाळ्यात तशीही गावात होती. आमच्या कोचवर तीन भलेमोठे आरोप होते, मुलं आणण्यासाठी पैसे वाटल्याचे. पण त्यातले साक्षीदार वकील करून बसले होते आणि कुणी फोन उचलत नव्हतं. मिस व्हर्लीननी मात्र पहिल्याच घंटीला फोन उचलला, आणि चौकशीला येणाऱ्या बाईंना विचारलं, "डुकराचं मांस चालतं ना तुला, बाळा?"

चौकशीच्या आदल्या दिवशी मी त्यांच्या व्हरांड्यात जाऊन बसलो.

"पर्व्हिस, असा चेहरा का करून आलास? कुणी गेलं की काय?"

"नाही मॅम. उद्याचं बोलायचंय. टवारिसचं."

"त्याला ताप आला होता परवा. सूप पाठवलं—"

"मॅम, मला काही सांगू नका! मला माहीत नसलेलंच बरं. नीट ऐका. त्यानं नेलेल्या अन्नाची किंमत लावणार. ती शंभर डॉलरच्या आत राहिली तर तेवढे पैसे तो धर्मादाय भरेल आणि पहिल्या दिवसापासून खेळेल. वर गेली तर सामने बुडणार. तीनशेच्या वर गेली तर पहिले चार."

"चार सामने म्हणजे काय झालं? उरलेले खेळेल."

"यंदाच त्याला बघायला पगार देऊन खेळवणाऱ्या मोठ्या संघांची माणसं येणार आहेत. ती पहिल्या सामन्यांना येतात. तो दिसला नाही तर दुसऱ्या कुणाला तरी बघतील आणि जातील. त्याला ही एकच संधी आहे."

मिस व्हर्लीन झोपाळ्यावर बसल्या होत्या. त्यांनी पाय टेकवून झोपाळा थांबवला.

"म्हणजे मी त्याला खायला घातलं नाही असं सांगायचं."

"खोटं नाही सांगायचं. खोटं पकडलं तर त्याची शिक्षा आणखी मोठी. विचारतील तेवढंच सांगायचं. अधूनमधून, थोडंफार, एवढं म्हणा. आठवत नसेल तर आठवत नाही म्हणा."

"मला सगळं आठवतं."

"मॅम, वयस्कर माणसाला आठवत नाही म्हटलं तर कुणी वाद घालत नाही."

"वयस्कर कुणाला म्हणतोस रे तू?"

पण मग त्यांनी पायानं झोपाळा पुन्हा हलवला. शेवटी म्हणाल्या, "बरं. तोंड मिटून बसेन. माझ्यासाठी नाही बसणार, त्या पोरासाठी बसेन." आणि मला निघताना ताट दिलं. मी घेतलं.

चौकशी कॉलेजच्या एका थंडगार खोलीत झाली. संघटनेच्या मिस लुंडग्रेन मिनेसोटाच्या, तिशीच्या, फार सभ्य. टेबलावर रेकॉर्डर. एका बाजूला कॉलेजचा वकील, दुसऱ्या बाजूला मी, मधे मिस व्हर्लीन, चर्चची टोपी घालून. पहिली वीस मिनिटं त्या अशा वागल्या की मला देव पावल्यासारखं वाटलं. होय मॅम. नाही मॅम. अधूनमधून, मॅम. थोडंफार.

मिस लुंडग्रेननाही हे प्रकरण वाढवायचं नव्हतं, हे मला स्पष्ट दिसत होतं. त्या मोठ्या माशासाठी आल्या होत्या. एका म्हातारीची ताटं मोजायला त्यांना लाज वाटत असावी. त्यांनी स्वतःच दार उघडून दिलं. पेन कागदावर ठेवलं आणि मऊ आवाजात म्हणाल्या, "म्हणजे मिसेस टिस्डेल, जेवण झाल्यावर जे उरलंसुरलं असेल ते, एवढंच ना?"

हो म्हणायचं होतं. एक अक्षर.

"काय म्हणालीस, बाळा?"

"उरलंसुरलं, मॅम. वाया जाण्यापेक्षा म्हणून—"

मी टेबलाखालून त्यांच्या बुटावर बूट ठेवला.

"उरलंसुरलं," मिस व्हर्लीन म्हणाल्या. "माझी आई काउंटी रोडवरच्या गोऱ्यांच्या एका घरात स्वयंपाक करायची. तिला द्यायचे ते उरलंसुरलं. मागच्या दारानं, वर्तमानपत्रात गुंडाळून. आम्ही पाच भावंडं तेच खाऊन वाढलो. तेव्हाच मी ठरवलं, माझ्या घरातून कुणाच्या हातात ते जाणार नाही. त्या पोराचं ताट मी आधी काढते, बाळा. कुणी टेबलाशी बसायच्या आधी. चुलीवरून थेट."

"मॅम," वकील म्हणाला.

"पोर्क चॉप, रस्सा वरून. कॉलर्डची पालेभाजी. मॅकरोनी आणि चीज, कडेची खरपूस बाजू, ती सगळ्यांना आवडते पण ती त्याची. पाकातली रताळी. मक्याचा पाव वेगळा बांधलेला, ओला होऊ नये म्हणून. एक रविवार चुकवला नाही मी. वादळानं चार दिवस वीज नव्हती तेव्हा अंगणात कोळशावर केलं."

मिस लुंडग्रेननी पेन खाली ठेवलं होतं. रेकॉर्डरचा लाल दिवा चालूच होता.

"किती रविवार, मॅम?" त्यांनी विचारलं. न विचारून त्यांना चालणार नव्हतं.

"मॅम, आठवत नसेल तर—" मी म्हणालो.

"पर्व्हिस, पाय काढ माझ्या बुटावरून. सेहेचाळीस."

बाहेर पडल्यावर लांबलचक पॅसेजमध्ये त्यांनी माझा दंड धरला. आत असताना ताठ होत्या, आता माझ्यावर भार टाकून चालत होत्या. "तिनं मला चांगल्या मनानं विचारलं होतं, नाही का?" म्हणाल्या. मी हो म्हणालो. "आणि मी त्या पोराचं वाटोळं केलं." मी रागावलो होतो. एका शब्दासाठी! त्या पोरासाठी तेवढा एक शब्द गिळता आला असता. आज मला वाटतं की नसता आला, आणि मी त्यांना तो गिळायला सांगायला नको होतं. पण त्या दिवशी मी रागावलो होतो, आणि गाडीत त्यांच्याशी एक शब्द बोललो नाही.

किंमत मला ठरवायची होती. गावातल्या लोरेनच्या कॅफेत एक मांसाचा पदार्थ आणि तीन भाज्या असं ताट सव्वासात डॉलरला मिळायचं. लहान मुलांचं ताट चारला. चारचा भाव धरला असता तर टवारिस दोन सामन्यांत सुटला असता. मी फोन हातात धरून बराच वेळ बसलो. मग सव्वासात लिहिलं, कारण तेच खरं होतं, आणि खरं तेच लिहायची मला इतक्या वर्षांची सवय. तीनशे तेहेतीस डॉलर, पन्नास सेंट. चार सामने.

मिस व्हर्लीनना सांगायला गेलो तेव्हा सगळं ऐकून घेतल्यावर त्यांनी एकच विचारलं, "लोरेनच्या ताटाचा भाव लावलास माझ्या ताटाला?"

त्याच फेरीत मला त्यांच्या हातात पत्रही द्यायचं होतं. ते मीच टाइप केलं होतं. कॉलेजनं त्यांच्याशी सात वर्षांसाठी संबंध तोडले होते: तिकीट नाही, स्टेडियमच्या आवारात पाऊल नाही, कुठल्याही खेळाडूशी संपर्क नाही. संघटनेला दाखवायला कॉलेजला काहीतरी कडक करायचं होतं, आणि कोचला हात लावायचा नव्हता. त्यांनी चष्मा शोधला, मिळाला नाही, मग मलाच वाचायला लावलं.

"सात वर्षं. म्हणजे मी शहात्तरची होणार."

"हो मॅम."

"आणि तो चर्चमध्ये दिसला तर? तोंड फिरवायचं?"

"नमस्कार केलेला चालेल."

"कुठे लिहिलंय तसं?"

लिहिलं नव्हतं. मी आपलं म्हटलं होतं.

टवारिस सही करायला माझ्या कचेरीत आला तेव्हा खुर्चीत मावत नव्हता, म्हणून उभाच राहिला. ना रागावला, ना रडला. मुलं अशा वेळी रडत नाहीत, त्यांना आधीपासून माहीतच असल्यासारखी बघतात. पैसे चार हप्त्यांत भरायची परवानगी मी मिळवली होती. कॉलेजच्या इमारतींमधला कचरा उचलायचं काम त्यानं धरलं होतं, त्यातून भरणार होता. फॉर्मवर एक ओळ होती: रक्कम कुठल्या धर्मादाय संस्थेला द्यायची. निवड खेळाडूची.

त्यानं पेनाचं टोक गालाला लावून विचार केला आणि एकदम त्याचा चेहरा उजळला. "मि. पर्व्हिस, न्यू गिलियड चर्चला देता येतील? त्यांच्या स्वयंपाकघरासाठी? म्हणजे ते फिरून मिस व्हर्लीनकडेच जातील. बरोबर ना?"

"छान सुचलं तुला," मी म्हणालो.

मी न्यू गिलियडमध्ये लहानाचा मोठा झालोय. मी तिथल्या बायकांना ओळखतो. त्या वाढून झाल्यावर कुणी पैशाचं नाव काढलं तर काय होतं, ते मला माहीत होतं. तरी मी म्हणालो, छान सुचलं. माझ्या सगळ्या नोकरीत मी केलेली सर्वांत मोठी चूक कुठली म्हणून कुणी विचारलं, तर नियम मोडलेली एकही आठवत नाही. ही आठवते.

सप्टेंबरचा पहिला रविवार. आदल्या दिवशी पहिला सामना झाला होता. टवारिस साध्या कपड्यांत प्रेक्षकांत बसला होता, आणि त्याच्या जागी उभ्या राहिलेल्या दुसऱ्या वर्षाच्या मुलाकडे बघून टोप्या घातलेली तीन अनोळखी माणसं वहीत काहीतरी लिहीत होती. चर्चमध्ये रेव्हरंड स्टोक्स घोषणा वाचत होते. आजारी माणसं, वाढदिवस, छपराची वर्गणी. मग ते म्हणाले, "आणि स्वयंपाकघर निधीसाठी त्र्याऐंशी डॉलर अडतीस सेंट, आपला तरुण बंधू टवारिस गॅडी याच्याकडून!"

लोकांनी आमेन म्हटलं. कुणी टाळ्या वाजवल्या. मागच्या बाकावर टवारिस लाजून हसत होता. मिस व्हर्लीन मधल्या वाटेत उभ्या होत्या, हातमोजे घातलेल्या हातात दानाची थाळी. मी त्यांच्याकडे बघितलं आणि लगेच खाली बघितलं.

प्रार्थनेनंतर त्या चर्चच्या स्वयंपाकघरात सापडल्या. एकट्या, एक धुतलेलं पातेलं पुन्हा धूत.

"त्यानं माझ्या जेवणाचे पैसे दिले, पर्व्हिस."

"मॅम, ते तुम्हाला नाही दिले. चर्चला—"

"माझ्या टेबलावर बसलेल्या माणसानं माझ्या जेवणाचे पैसे दिले. सगळ्यांसमोर वाचून दाखवले. आणि भाव तू ठरवलास."

"त्याच्या मनात चांगलंच होतं."

"ते मला माहीत आहे. म्हणून तर मला त्याच्यावर ओरडताही येत नाही."

ऑक्टोबरात घोषणा सुरू झाल्या की त्या बाहेर पाणी प्यायला गेल्या. नोव्हेंबरातही. डिसेंबरातला शेवटचा हप्ता वाचला तेव्हा तर त्या चर्चलाच आल्या नव्हत्या. चार सामने संपल्यावर टवारिस परत संघात आला, पण भिंतीतली डावी जागा त्या दुसऱ्या मुलानं धरली होती आणि तो ती सोडणार नव्हता. टवारिस अधूनमधून आत जायचा, कुणी दमलं की. कुठल्याही संघाचा त्याला फोन आला नाही. कोच मात्र थँक्सगिव्हिंगच्या आठवड्यात दुसऱ्या राज्यात गेले, पस्तीस लाखांवर. त्यांच्यावरचे तिन्ही आरोप साक्षीअभावी गळून पडले. निरोपाला जेवण होतं. मी गेलो होतो, नोकरीच होती.

डिसेंबरच्या मध्यावर, शनिवारी, टवारिसला पदवी मिळाली. दुसऱ्या दिवशी दुपारी तो बॅग घेऊन मिस व्हर्लीनच्या दारात उभा राहिला. चारची बस होती बेल्झोनीची. मी आधीच तिथं होतो. सप्टेंबरपासून त्यांच्या आठ खुर्च्यांपैकी दोन-तीनच भरायच्या. कॉलेजची मुलं फिरकत नव्हती, आणि मी जात होतो तो एक प्रकारे शिक्षा म्हणूनच.

त्याला बघून त्या दारापर्यंत आल्या. दोन्ही हात त्याच्या गालांवर ठेवले, त्यासाठी त्यांना टाचा उचलाव्या लागल्या, आणि म्हणाल्या, "वाळलास किती!" एकशे चाळीस किलोचा मुलगा. तो हसला. मीही हसलो. किती महिन्यांनी त्या घरात कुणी हसलं होतं.

तो खुर्चीत बसायच्या आधीच त्या चुलीपाशी गेल्या आणि त्याचं ताट काढलं. पोर्क चॉप, रस्सा वरून, सगळं पूर्वीसारखंच. मग आम्ही तिघं जेवलो. टवारिसनं तीनदा वाढून घेतलं. बेल्झोनीला मामाच्या ट्रकवर लागणार असल्याचं सांगितलं, आईच्या हातांना थंड पाण्यानं कशा भेगा पडतात ते सांगितलं. त्याचं ताट रिकामं झालं की मिस व्हर्लीनचा हात आपोआप पुढं जायचा. मला वाटलं, बरं झालं. झालं ते झालं, आता सगळं जागच्या जागी बसेल.

साडेतीनला तो उठला. बॅग खांद्याला लावली. मिस व्हर्लीननी आतून ताट आणलं. दोन ताटं, एकात एक, वर फॉइल, कडा घट्ट दाबलेल्या. दारात उभं राहून त्यांनी ते पुढं केलं.

टवारिसनं हात वर उचलला आणि मधेच थांबवला. त्यानं ताटाकडे बघितलं, आणि मग माझ्याकडे वळला.

"मि. पर्व्हिस," तो म्हणाला, "हे चालेल ना?"

हो म्हणायचं होतं. एक अक्षर. पण माझं डोकं आपल्या नेहमीच्या सवयीनं चालू लागलं होतं. पदवी काल मिळाली. हंगाम संपला. पत्रात 'नोंदणीकृत खेळाडू' असं आहे, आणि नोंदणी महिनाअखेरपर्यंत असते की काल संपते? सगळं मिळून तीन-चार सेकंद लागले असतील, जास्त नाही.

"हो, हो," मी म्हणालो, "आता काही हरकत नाही."

टवारिसनं दोन्ही हात पुढं केले. मिस व्हर्लीन तोवर आत वळल्या होत्या. ताट त्यांनी चुलीशेजारी ठेवलं आणि एप्रनला हात पुसत परत दारात आल्या.

"राहू दे बाळा," त्या म्हणाल्या. "तुझी बस चुकेल. वाटेत काहीतरी घे."

त्यानं त्यांना मिठी मारली, त्यांनी त्याच्या पाठीवर थोपटलं. तो गल्लीच्या टोकापर्यंत चालत गेला, रिकाम्या हातानं, वळून हात केला, आणि गेला. मिस व्हर्लीन जाळीच्या दाराला धरून उभ्याच होत्या. मी टोपी घेतली. काहीतरी बोलावं म्हणून म्हटलं, "मॅम, नियम होता म्हणून विचारलं त्यानं. पोरगं घाबरलंय."

"माझ्या घरात उभं राहून," त्या म्हणाल्या, माझ्याकडे न बघता, "माझ्या हातचं घ्यायचं की नाही, ते त्यानं तुला विचारलं, पर्व्हिस. आणि तुला विचार करावा लागला."